टोकियोत आलेली हापूसची पेटी: सहा फळं खाऊन लिहिलेला अभिप्राय

मे २०२४ च्या दुसऱ्या शनिवारी सकाळी साडेदहाला पेटी दारात आली. पुठ्ठ्याचा खोका, हवेच्या भोकांना आतून बारीक जाळी, आत सहा फळं आणि प्रत्येकाला फोमचं पांढरं टोपडं. किंमत ५,४०० येन, त्यावर ८ टक्के कर आणि घरपोच आणण्याचे पैसे वेगळे. एक आंबा हजार-अकराशे येनला पडला. तेव्हाच्या दरानं एका फळाचे साडेपाचशे-सहाशे रुपये झाले.

टोकियोतल्या निशी-कासाई भागातल्या आणि आसपासच्या मराठी मंडळींकडून दर वर्षी एकच प्रश्न येतो: "घ्यावी का पेटी?" म्हणून या वेळी सहाही फळं नीट खाऊन, टिपून लिहिते आहे. विक्रेत्याचं नाव देत नाही. हंगामागणिक विक्रेते बदलतात, आणि मला लिहायचं आहे ते फळाबद्दल.

मी मूळची रत्नागिरीजवळच्या पावसची. घरची सत्तरेक कलमं, आता दादा बघतो. पुण्यात जपानी शिकले आणि २००६ च्या ऑक्टोबरात भाषांतराच्या नोकरीवर इथे आले. त्याच वर्षी जूनमध्ये जपाननं भारतीय आंब्यावरची वीस वर्षांची बंदी उठवली होती. त्यामुळे या आंब्याचा इथला मुक्काम आणि माझा मुक्काम जवळजवळ एकाच वयाचा आहे, आणि त्याच्याकडे मी तटस्थपणे बघू शकत नाही.

आधी वास. आमच्याकडे अढीवरचा, म्हणजे पिकत घातलेल्या आंब्यांवरचा, पेंढा बाजूला केला की माजघरापासून पडवीपर्यंत कळतं. इथे खोका उघडला आणि काहीच नाही. फळ हातात घेऊन देठाजवळ नाक नेलं तेव्हा कुठे ओळख पटली. रंग मात्र एकसारखा, हळदीसारखा पिवळा. घरच्या हापूसवर खांद्याशी जी लाली आणि खाली जरा हिरवट झाक राहते ती नव्हती. साल हाताला किंचित जाड लागली. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात वास भरला, पण दाराबाहेर गेला नाही. सर्वात मोठी उणीव हीच, म्हणून ती आधी सांगितली.

असं का होतं, हे ठाऊक नसेल तर माणूस विक्रेत्याला दोष देतो. जपानला येणारा आंबा कोकणातून आधी वाशीला जातो. तिथे राज्य पणन मंडळाच्या केंद्रात त्याला गरम, दमट हवेच्या कोठडीत ठेवतात. बाठीजवळच्या गराचं तापमान ४७.५ अंशांवर नेतात आणि २० मिनिटं तिथेच धरतात. फळमाशीनं आत अंडी घातली असतील तर ती मरावीत, एवढ्यासाठी हे सगळं. मग फळ थंड करायचं, जाळीच्या खोक्यात भरायचं, खोक्याला सील लावायचं. अमेरिकेला जाणाऱ्या आंब्याला किरणोत्सर्गाची मात्रा देतात, जपानला ही वाफ लागते. २००६ ची परवानगी सहा जातींना होती: हापूस, केशर, बंगनपल्ली, लंगडा, चौसा आणि मल्लिका. अट अशी की जपानचे निरीक्षक भारतात येऊन प्रक्रिया डोळ्यांनी बघणार.

पहिली काही वर्षं मला याचा राग यायचा. आपल्या राजाला वाफेत कशाला बसवायचं? मग एका उन्हाळ्यात कामानिमित्त जपानच्या दक्षिणेकडच्या ओकिनावा बेटांवर गेले आणि माझा राग ओसरला.

ओकिनावात १९७२ पासून १९९३ पर्यंत, तब्बल एकवीस वर्षं, एका माशीविरुद्ध मोहीम चालली होती. कारली, काकडी, आंबा यांत शिरणारी ही फळमाशी. तिच्यामुळे ओकिनावाच्या शेतकऱ्याला स्वतःच्याच देशाच्या मुख्य भूमीवर कारलं पाठवता येत नव्हतं, आंबाही नाही. सरकारनं कारखान्यात त्याच माश्या वाढवल्या, किरणोत्सर्गानं वांझ केल्या आणि हेलिकॉप्टरमधून बेटाबेटावर सोडल्या. अब्जावधी माश्या. एकेक बेट मोकळं करत शेवटी सगळा प्रांत मोकळा झाला. दुसरी एक फळमाशी, आमच्या आंब्यांतलीच म्हणा, त्यांनी त्याआधीच संपवली होती. त्यासाठी वापरलं होतं मिथाइल युजेनॉलचं आमिष. नर माशी त्या वासानं येते आणि मरते.

हे ऐकलं आणि मी तिथूनच दादाला फोन लावला. आमच्या बागेत कलमाला टांगलेला असतो तो दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळा. त्यातही मिथाइल युजेनॉलच असतं.

"म्हणजे तेच की गो!" दादा म्हणाला. "पण त्यांनी पूर्ण संपवलीन, आम्ही नुसती कमी करतो."

ज्यानं एकवीस वर्षं घालून घर साफ केलं, तो दारात पाहुण्याचे पाय धुवायला सांगणारच. वाफेमुळे वासाला जी झळ लागते ती मला आजही सलते, पण तिच्यामागे हेटाळणी नाही एवढं मला पटलं आहे.

अनेक जण मला सांगतात की भारत-जपान व्यापार करार झाला, आता आंबा स्वस्त व्हायला हवा. हा करार १ ऑगस्ट २०११ पासून लागू आहे, आणि त्यातून दोन्हीकडच्या बहुतेक मालावरचं शुल्क दहा वर्षांत टप्प्याटप्प्यानं काढायचं ठरलं होतं. तो मोठा करार आहे, त्याचं महत्त्व मी कमी करत नाही. पण आंब्याची वाट शुल्कानं फारशी अडलेली नव्हती, माशीनं अडली होती. पेटीची किंमत चढते ती विमानभाड्यानं, वाफेच्या खर्चानं आणि निवडीत बाद होणाऱ्या फळांनी.

आता चव. पहिलं फळ मी पेटी आल्याच्या दुसऱ्या दिवशी कापलं आणि चुकले. बाहेरून पिवळं दिसत होतं, आत आंबट. दादाच्या भाषेत बारा आण्यांवर काढलेलं. निर्यातीसाठी कोकणात आंबा चौदा आणे तयार झाला की देठासकट उतरवतात, म्हणजे प्रवासात पिकतो. हे फळ त्याच्याही आधी उतरवलं असावं, किंवा वाटेत कुठेतरी थंडीत अडकलं असावं. दुसरं आणि तिसरं चौथ्या दिवशी कापलं. तो मात्र हापूस होता. रेषा नाही, चाकूला लोण्यासारखा, आधी गोड आणि मागून ती बारीक आंबट किनार, जिच्यामुळे दुसरी फोड उचलावीशी वाटते. डोळे मिटून खाल्ला तर मी वाफेचा आंबा ओळखेन का? तोंडात ठेवल्यावर नाही. नाकाजवळ नेल्यावर हो.

चौथ्या फळात साका निघाला. बाठीशेजारी पांढरट, स्पंजासारखा, बेचव भाग. ज्यांना ठाऊक नाही त्यांना वाटतं फळ सडलं. ते सडलेलं नसतं, हापूसचा हा जुना दोष आहे, बाहेरून कळत नाही आणि वाफेनंही जात नाही. घरी आम्ही तेवढा भाग काढून बाकीचा आमरसात घालतो. पण हजार येनच्या फळात तो निघाला की जीव हळहळतो. विक्रेत्याला फोटो पाठवला. त्यांनी पुढच्या खरेदीत एका फळाची किंमत वळती करू असं दोन तासांत कळवलं. हे मला आवडलं.

तुलनेसाठी सांगते. आदल्या वर्षी मी पेटी एका दुकानातून हातोहात घेतली होती, तिथे आंबे दुधाच्या शेजारी थंड कपाटात रचलेले होते. घरी आणले, आठवडाभर ठेवले, पिकलेच नाहीत. सालीवर करडे डाग आले आणि गर रबरासारखा झाला. न पिकलेला हापूस असा गारठवला की त्याचं पिकणं थांबतं, मग तो कितीही चांगल्या बागेतला असो. वाशीत एवढी मेहनत करायची आणि शेवटच्या दहा पावलांत घालवायची! दुकानात आंबा फ्रिजमध्ये दिसला तर घेऊ नका. मागवून घ्या.

उरलेली दोन फळं मी आमच्या मजल्यावरच्या आजींना दिली. त्या ८२ वर्षांच्या आहेत, एकट्या राहतात. फळ भेट द्यायची म्हणजे इथे साधी गोष्ट नाही. डाग नसलेलं, नीट गुंडाळलेलं, कधी खायचं ते सांगून द्यायचं असतं. मियाझाकी प्रांताचा जो महागडा आंबा इथे भेट देतात त्याचं नाव 'ताइयो नो तामागो', म्हणजे सूर्याचं अंडं. वजन ३५० ग्रॅमच्या वर आणि गोडी १५ ब्रिक्सच्या वर असेल तरच ते नाव लावता येतं. तो झाडावरून तोडत नाहीत. प्रत्येक फळाला जाळी बांधतात आणि पिकून आपसूक गळलं की जाळीत अलगद पडतं. आमचा हापूस झेल्यानं, म्हणजे काठीला बांधलेल्या जाळीनं, चौदा आण्यांवर उतरतो, यांचा सोळा आणे भरून गळतो. दोन्हींमागची माया मला सारखीच वाटते.

मी आजींना सांगितलं की आज खाऊ नका, उद्या संध्याकाळी खा, आणि खाण्याआधी फक्त अर्धा तास गार करा. दुसऱ्या दिवशी त्यांनी मलाच बोलावलं. आंबा त्यांनी इथल्या पद्धतीनं कापला होता: दोन बाजूंचे गाल कापून, गराला उभ्या-आडव्या रेघा मारून, उलटा केलेला, फुलासारखा. एक तुकडा तोंडात घातला, थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "कोइ!"

मला वाटलं, त्यांना आतली कोय हवी आहे. मी बाठ उचलून पुढे केली. मग उमगलं. जपानीत 'कोइ' म्हणजे दाट, गडद. चहा, मिसोचं सूप, रंग, सगळ्यांबद्दल म्हणतात. मियाझाकीचा आंबा गोड आणि रसाळ आहे, म्हणाल्या, पण हा दाट आहे. मी त्यांना मराठीतली कोय दाखवली आणि ती चोखून दाखवली. आजींनी नॅपकिन मांडीवर पसरला आणि चोखली.

मग त्या हत्तीबद्दल बोलल्या. युद्धात, १९४३ साली, उएनोच्या प्राणिसंग्रहालयातले हत्ती उपाशी ठेवून मारले गेले होते. युद्धानंतर टोकियोच्या मुलांनी नेहरूंना पत्रं लिहिली की आम्हाला एक हत्ती द्या, आणि १९४९ मध्ये नेहरूंनी हत्तीण पाठवली. मुलीच्या नावावरून तिचं नाव इंदिरा. आजी तेव्हा सात वर्षांच्या. वडिलांच्या खांद्यावर बसून त्यांनी ती पाहिली, गर्दीत एक चप्पल हरवली. "भारतातून आलेलं मी पाहिलेलं पहिलं काही म्हणजे ती," म्हणाल्या, "आणि खाल्लेलं पहिलं काही म्हणजे हा आंबा." मधे पंचाहत्तर वर्षं. त्या करीही खातात, पण करी त्यांच्या मते जपानी पदार्थ आहे आणि मी वाद घातला नाही.

हत्ती आला तेव्हा दोन्ही देशांत राजनैतिक संबंध सुरूही झाले नव्हते, ते एप्रिल १९५२ मध्ये झाले. त्याआधीच्या वर्षी जपानशी तह करायला भरलेल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या परिषदेला भारत गेला नव्हता. जपानशी वेगळा तह जून १९५२ मध्ये केला आणि युद्धाच्या भरपाईचा हक्क सोडून दिला. १९५८ मध्ये जपाननं येनमधलं पहिलं कर्ज दिलं ते भारतालाच. हे सगळं मी भाषांतराच्या कागदांत किती वेळा टाइप केलं असेल. त्या आजींच्या ओट्याशी बसले तेव्हा त्या तारखांना चेहरा मिळाला. कापूसही याच वाटेनं आला होता: १८९३ मध्ये जमशेटजी टाटांशी हात मिळवून निप्पॉन युसेन कंपनीनं कोबे ते मुंबई जहाजं सुरू केली, मुख्यतः कापसासाठी. आणि उलट्या दिशेनं आलेलं एक यंत्र आमच्या मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात, आहे: दादाचा फवारणीचा पंप होंडाच्या इंजिनावर चालतो, पावसाळ्यात त्याला गोणपाट पांघरून ठेवतो.

पेटीची दुसरी उणीव मला आजींनीच दाखवली. त्यांनी अगदी सहज विचारलं, "हा कोणी पिकवला?"

टोकियोत हा प्रश्न नवलाचा नाही. साध्या सुपरमार्केटमध्ये पालकाच्या जुडीवर, स्ट्रॉबेरीच्या डब्यावर शेतकऱ्याचं नाव असतं, कधी फोटोही. मी खोका आणून बघितला. निर्यातदाराचं नाव होतं, प्रक्रियेची खूण होती, वजन होतं, 'रत्नागिरी' होतं. गाव नव्हतं. बागायतदाराचं नाव नव्हतं. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. निर्यातीच्या बागांची मँगोनेट या सरकारी ऑनलाइन यादीत नोंदणी होते, म्हणजे कुठल्या बागेतलं फळ हे कागदावर कुणाला तरी ठाऊक असतंच. ते खोक्यावर का येत नाही?

दादाला फोन केला. त्याची नोंदणी आहे, पण माल जपानला देत नाही.

"डाग नको, चीक पडलेला नको, देठ एवढाच हवा, वजन एवढंच हवं," तो म्हणाला. "शंभरातले तीस घेतात, सत्तर परत. आणि औषधाचा अंश..." अंशाचा नियम खरोखर कडक आहे. जपाननं मे २००६ पासून असं ठरवलं की ज्या औषधाची वेगळी मर्यादा दिलेली नाही, त्याचा अंश दहा लाख भागांत एका शतांश भागाहून जास्त चालणार नाही. शेजारच्या बागेतली फवारणी वाऱ्यानं आली तरी फळ बाद होऊ शकतं. "एवढं करून नाव कुणाचं, तर खोकेवाल्याचं," दादा म्हणाला. "माझं नाव घालतील तर सत्तर परत आले तरी देईन मी."

मला ही मागणी अगदी रास्त वाटते. जपानी गिऱ्हाईक नावाला पैसे देतं. आजींना त्या आंब्याची किंमत विचारायची नव्हती, माणूस विचारायचा होता. ज्या देशानं एका माशीसाठी एकवीस वर्षं दिली, त्याला चौदा आणे म्हणजे काय, अढी कशी लावतात, मोहोर गळाला की घरात काय होतं, हे सांगितलं तर तो ऐकून घेईल. आपण त्याला फक्त 'मँगो, इंडिया' एवढंच सांगतो.

तर, घ्यावी का? हो, घ्या. ज्यांच्या घरात हापूस पाहिलेलं कुणी आहे त्यांनी एकदा तरी, आणि ज्यांची मुलं इथे जन्मली आहेत त्यांनी दर वर्षी. सहापैकी चार फळं अस्सल निघाली, एक कच्चं, एकात साका. आमरसाची पंगत उठवायची असेल तर हा सौदा महाग आहे, त्यासाठी डब्यातला रस बरा. फोडी करून, मोजून, बसून खाण्याचं हे फळ आहे. आणि केशरची पेटी त्याच विक्रेत्याकडे जरा स्वस्त होती. शेजाऱ्यांनी घेतली, मी एक फोड खाल्ली. केशरचा वास वाफेनंतर जास्त टिकतो असं माझ्या नाकाला वाटलं. हापूसवाल्यांनी रागावू नये.

पेटी आली की फोमची टोपडी काढा, खोक्याचं झाकण उघडं ठेवा, फळं वर्तमानपत्रावर देठ खाली करून एकेरी मांडा आणि खोलीतच ठेवा. टोकियोच्या मे महिन्यात चार ते पाच दिवस लागतात. अंगठा नका दाबू, देठाशी वास घ्या. सालीला बारीक सुरकुती दिसली की खायला काढा.

आजींनी दोन दिवसांनी आंब्याच्या बदल्यात बिवाची, म्हणजे लोकाटची, परडी दिली, प्रत्येक फळाच्या बुडाला कागदाची वाटी. परडीवर शेतकऱ्याचं नाव छापलेलं होतं. त्याचा फोटो काढून मी पेटीच्या विक्रेत्याला पाठवला आणि पुढच्या मोसमात खोक्यावर निदान गावाचं नाव घालता येईल का, असं विचारलं. निर्यातदाराशी बोलतो म्हणाले. मी तीन पेट्यांची नोंद करून ठेवली आहे, एक आजींच्या नावानं.